पसा

सोमवारी उद्यमबागेतल्या ऑफिसात संगणक उघडला
तर चार हजार ओळी लाल, चार हजार ओळी हिरव्या.
मोडलेलं काही नव्हतं.
रविवारी रात्री टूल फिरवलं होतं, इतकंच.
बाहेर फौंड्री चालू होती, खिडकीच्या कट्ट्यावर तीच काळी वाळू,
फक्त आत कुणाचंच नाव जागेवर नव्हतं.

'तूट' होती माझी.
भट्टीत जळून जातं ते लोखंड,
वहीत दिसतं आणि हाताला लागत नाही ते.
ती आता 'लॉस व्हॅल्यू टू'.
'वन' कुठे आहे, अजून शोधतेय.

'पसा' होता.
वीज जाऊन आली की वजनकाटा
तीनशे चाळीस ग्रॅम कमी दाखवायचा.
ओळखलं भरमाप्पाने,
दोन्ही हातांत वाळू धरून, डोळे मिटून, मान हलवत.
"पसाभर खाऊलाय बघ ह्यो.
लिहून ठीव तुझ्या त्या मशिनीत."
मी लिहिलं. पसा बरोबर तीनशे चाळीस.
तो आता 'कॅलिब्रेशन ऑफसेट'.
बरोबरच आहे. कुणालाही कळेल.
उद्या पुण्याहून कुणी आलं, त्यालाही कळेल.
भरमाप्पा सोडून.

शेजारच्या खुर्चीत शिवलीला, गोकाकची.
तिचं 'साकु' म्हणजे भट्टी भरली, आता माल टाकू नका.
माझं 'पुरे' म्हणजे माणसाचे आठ तास भरले, आता घरी जा.
चार वर्षं दोघं एका फाइलीत नांदले
एकमेकांच्या ताटातलं न उचलता.
टूलला फरक दिसला नाही.
नावं दोन, अर्थ एक, असं त्याने सुचवलं
आणि नव्या साहेबाने 'सगळं मान्य' दाबलं.

मंगळवारी भट्टी अर्धीच भरली.
म्हणून तीन वाजता भोंगा झाला नाही.
भरमाप्पा पावणेपाचपर्यंत सुटा न होता उभा.
त्याला वाटलं, भिंतीवरचं घड्याळ पुढे गेलंय.

मी चिडले. शिवलीला नुसती हसली.
"तुझ्या रेशनकार्डावर काय आहे?"
कडोलाकर.
मधला काना आमच्या घरातल्या कुणी दिला नाही,
तो कचेरीत उगवला.
वीस वर्षं सही करताना मी त्याच्यावरून पाय उचलून जाते.
"आणि मी पुण्यात दीड वर्ष शीला होते," ती म्हणाली,
"शिवलीला पट्टीवर मावत नाही म्हणाले."
मग डबा उघडला, चटणीपुडी माझ्या भाकरीवर टाकली.
तिला ती काय म्हणते, मी काय म्हणते,
भाकरीने विचारलं नाही.

संध्याकाळी तिसऱ्या गेटावरून घरी गेले.
तिथे आता पूल आहे. फाटक दिसत नाही.
तरी रिक्षावाला विचारतोच,
गेटाच्या अलीकडं का पलीकडं?

साकु आणि पुरे आम्ही वेगळे काढले, त्याला दोन दिवस लागले.
बाकीचं राहू दे, साहेब म्हणाला.
नियम आहे. टूल दर रविवारी फिरणार.

पण टूल नावं बदलतं, शेऱ्यांना हात लावत नाही.
यंत्र त्या ओळी वाचत नाही
म्हणून तर त्या वाचतात.
मग प्रत्येक नव्या नावाच्या डोक्यावर
एकेक ओळ लिहीत बसलो,
वर तिची कानडीत, खाली माझी मराठीत,
शब्द अडला की एकमेकींना विचारत.
एक तर फार लांबली, पण ठेवली:

याला इथे पसा म्हणतात.
आकडा पटला नाही तर भरमाप्पाला विचारा.
तो रिटायर झाला असेल, तर बाहेर जा,
साच्याजवळची वाळू दोन्ही हातांत घ्या
आणि थोडं थांबा.